तोल सावरताना : लहान मेंदूच्या झटक्यानंतर पुन्हा वर्गात



इथे आपण बहुतेक वेळा पाठ, व्याकरण, निबंध आणि उपक्रम यांबद्दल लिहितो-वाचतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शाळेबाहेरचा नाही. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला लहान मेंदूचा झटका आला. सात महिन्यांनी मी वर्गात परत आलो. त्या काळात जे कळलं, ते तुमच्या-माझ्या घरात आणि वर्गात उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हे लिहितो आहे.

मेंदूचा झटका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं बंद. गावाकडे त्याला लकवा म्हणतात, कुणी पॅरालिसिस म्हणतं. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. दोन्ही हातांत ताकद होती, चेहरा सरळ होता, माणसं ओळखू येत होती. फक्त उभं राहता येत नव्हतं. म्हणूनच हा झटका लवकर ओळखू येत नाही आणि म्हणूनच त्याबद्दल बोललं पाहिजे.

लहान मेंदू काय करतो?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण त्याला अनुमस्तिष्क म्हणतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली, मानेच्या थोडं वर तो असतो. आकाराने सगळ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा. पण गंमत बघा, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. म्हणजे 'लहान' हे नाव फक्त आकारापुरतं.

मुलांना त्याचं काम सांगायचं तर मी लेझीमचं उदाहरण देतो. लेझीम खेळताना प्रत्येक मुलाच्या हातापायांत ताकद असते, पावलंही पाठ असतात. पण हलगी थांबली की काय होतं? कुणी पुढे जातं, कुणी मागे राहतं, कुणाची लेझीम शेजारच्याला लागते. ताकद तीच, ताल गेला. लहान मेंदू ही आपल्या शरीरातली हलगी आहे. हात हलव असा हुकूम मोठा मेंदू देतो. तो हात किती, केव्हा आणि कुठे थांबायचा हे जुळवून देण्याचं काम लहान मेंदूचं. चालणं, गिळणं, डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेणं, शब्द नीट उच्चारणं, सही करणं, या सगळ्याला हा ताल लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर शरीराची डावी बाजू दुबळी होते. लहान मेंदूचं तसं नाही. उजव्या बाजूला इजा झाली तर उजवाच हात-पाय बिघडतो. माझी इजा उजवीकडे होती आणि मी उजव्या हाताने लिहितो. खडू धरायचा हातच नेमका सापडला.

झटका आला तो दिवस

नोव्हेंबर महिना, शनिवार, सकाळची शाळा. सहाच्या सुमाराला आंघोळीला उठलो आणि घर गरागरा फिरायला लागलं. भिंत धरली तरी उजवीकडे झुकत होतो. मागोमाग उलट्या सुरू झाल्या, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. पित्त खवळलं असेल म्हणून इंजेक्शन दिलं आणि झोपून राहायला सांगितलं. त्यांना मी दोष देत नाही. चक्कर आणि उलटी घेऊन रोज कितीतरी माणसं दवाखान्यात येतात आणि बहुतेकांना खरोखर पित्ताचा किंवा कानाचा त्रास असतो.

दुपारी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात पुढे केला तो तांब्याच्या पलीकडे गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. "तुमची जीभ जड झालीय," ती म्हणाली, "आणि हे पित्त नाही." मेहुण्याची गाडी बोलावून तिने मला मिरजेला नेलं. तिथे पोचेपर्यंत तीन वाजले होते. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझे नऊ तास उलटून गेले होते.

सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये फारसं काही दिसलं नाही. तेही नवल नाही. कवटीच्या त्या भागातली नवी इजा पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा सापडत नाही, एमआरआय करावा लागतो. एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसली. पुढे ईसीजी आणि हृदयाच्या तपासण्यांमध्ये कळलं की माझ्या हृदयाचे ठोके मधूनमधून अनियमित पडतात. अशा वेळी हृदयात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकते. तोपर्यंत मला कधी धडधडही जाणवली नव्हती.

तुम्ही लक्षात काय ठेवायचं? पुढची लक्षणं अचानक आली तर ती झटक्याची असू शकतात :

- तोल जाणं, आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं
- एकाच्या दोन वस्तू दिसणं, नजर अंधुक होणं
- चेहरा एका बाजूला ओघळणं
- एक हात किंवा पाय दुबळा होणं, किंवा नेम चुकणं
- जीभ जड होणं, बोलणं अस्पष्ट होणं
- न भूतो असं डोकं दुखणं, त्यासोबत उलट्या

यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपण विसरतो. नुसती चक्कर असेल तर माणूस भिंत धरून बहुधा चार पावलं टाकतो. चक्करेबरोबर उभंच राहता येत नसेल, बोलणं बिघडलं असेल किंवा हाताचा नेम चुकत असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात जा. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

रुग्णालयातले नऊ दिवस

पहिले चार दिवस मला अतिदक्षता विभागात ठेवलं. बोलत होतो, हात-पाय हलत होते, मग इथे कशाला, असं नातेवाइकांना वाटत होतं. डॉक्टरांनी समजावलं. इजा झालेला भाग सुजतो, आणि ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. लहान मेंदू कवटीच्या अगदी अरुंद कप्प्यात असतो. सुजायला जागा नसते. शेजारी श्वास आणि हृदय सांभाळणारा मेंदूचा भाग असतो, त्यावर दाब आला तर जिवावर बेततं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे दर थोड्या वेळाने नर्स येऊन विचारायची, "सर, नाव सांगा, आज वार कुठला?" रात्री दोन वाजता वार सांगताना चीड यायची, पण ते विचारणं म्हणजेच उपचार होता. माझी सूज आटोक्यात राहिली.

रोज एक परीक्षा असे. डॉक्टर समोर बोट धरायचे. मी माझं बोट आधी माझ्या नाकाला लावायचं, मग त्यांच्या बोटाला, मग पुन्हा नाकाला. डाव्या हाताने अगदी सोपं. उजवा हात मात्र जसजसा बोटाजवळ जाई तसतसा जास्त थरथरे, आणि शेवटी पलीकडे निघून जाई. दुसरी परीक्षा, तळहातावर दुसरा हात पालथा-उताणा भरभर आपटायचा. ते तर मला हास्यास्पद वाटे, इतका हात अडखळे. पाणीसुद्धा आधी चमच्याने देऊन ठसका लागतो का हे बघितलं, मगच जेवण सुरू केलं.

एका ब्रिटिश डॉक्टरांची हकीकत मी नंतर वाचली. गॉर्डन होम्स त्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की, चांगला हात आपोआप काम करतो, पण बिघडलेल्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. शंभर वर्षांनंतर माझा अनुभव जशाच्या तसा तोच होता. कपाची कड, कपाचा कान, बोटं, उचलणं, ओठ. चहा पिण्यासाठी एवढ्या पायऱ्या असतात हे मला कधी माहीतच नव्हतं.

पुन्हा शिकणं

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेला मेंदू ते काम नव्याने शिकू शकतो, आणि शिकण्याचा मार्ग एकच, सराव. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, पुढे वेग कमी होतो पण सुधारणा थांबत नाही, असं फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

*चालणं.* पहिल्यांदा नुसतं बसणं. पाठीला आधार न घेता खुर्चीत पाच मिनिटं. मग पलंगावर झोपून टाच गादीवरून हळूहळू वर घ्यायची आणि तशीच खाली न्यायची, डोळे पायावर ठेवून, मोठ्याने आकडे मोजत. मग वॉकर, मग काठी. मी पाय फाकवून चालायचो, नुकतं चालायला लागलेलं मूल चालतं तसं. नंतर अंगणात चुन्याची रेघ मारून तिच्यावर टाचेला अंगठा लावत चालायचं. पहिल्या दिवशी दोन पावलं झाली. मार्चअखेर एकोणीस. रोजचा आकडा मी कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत होतो, कारण रोज आरशात बघून वाढ दिसत नाही, कॅलेंडरवर दिसते.

*नजर.* मान फिरवली की अक्षरं नाचायची. त्यासाठी एका कार्डावर मोठा 'अ' लिहून हातभर अंतरावर धरायचा, नजर त्यावर ठेवून मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायची. सुरुवातीला मळमळायचं. तरी थोडं थोडं करत राहायचं, कारण मेंदूला ती गोंधळाची सवय झाल्याशिवाय तो सावरत नाही.

*बोलणं.* शब्दाची अक्षरं सुटी सुटी पडत होती. म-हा-रा-ष्ट्र. शब्द आठवत होते, व्याकरण शाबूत होतं, पण आवाज कधी फुटे, कधी दबे. फोनवर बोललो की समोरचा विचारी, "झोपेतून उठलात का?" वाचा-उपचारतज्ज्ञांनी मांडीवर बोटाने ताल धरायला आणि एका तालाला एक अक्षर म्हणायला शिकवलं. 'प-ट-क, प-ट-क' हे मी इतक्या वेळा म्हटलं की आई देवघरातून ओरडायची, "अरे, दुसरं काहीतरी म्हण!" जोडाक्षरं आणि 'ळ', 'ण' सगळ्यात शेवटी सुधारले. आजही दमलो की 'ळ' आधी जातो.

*लिहिणं.* मराठीच्या शिक्षकाला हे सगळ्यात लागलं. आपली लिपी नेम मागते. शिरोरेषा म्हणजे न थरथरता ओढलेली आडवी रेघ, तीच माझी नागमोडी व्हायची. रफार शेजारच्या अक्षरावर पडायचा. वेलांटी कुठल्या कुठे जायची. अनुस्वार तर शब्दाबाहेरच. मी मुलीच्या जुन्या चार रेघी वह्या काढल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. आडव्या रेघा, उभ्या रेघा, अर्धगोल, मग अक्षरं. पेनाला रबर गुंडाळून ते जाड केलं, कोपर टेबलावर टेकवलं, अक्षर मोठं काढलं. यातला प्रत्येक उपाय आपल्याला माहीत असतो, पहिलीच्या बाई हेच सांगतात. माझ्या शेजारच्या प्राथमिक शाळेच्या बाईंनी एक संध्याकाळ बसून माझी पकड तपासली. "सर, घाई करू नका, आधी रेघ," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला हसूही आलं आणि धीरही.

तुमच्या वर्गात एखादं मूल असेल, ज्याला उत्तर तोंडी येतं पण लिहिताना अक्षर रेघेवर बसत नाही, त्याच्याकडे या बाजूनेही बघा. अशा मुलाची कारणं वेगवेगळी असतात, त्यांना झटका आलेला नसतो. पण हाताचा ताल जुळवण्यातच सगळं लक्ष खर्च झालं की मजकुराकडे द्यायला लक्ष उरत नाही, हे मी आता आतून सांगू शकतो. पाच ओळी लिहून मला घाम फुटायचा आणि काय लिहिलं ते आठवायचं नाही. अशा मुलाला वेळ थोडा जास्त द्या, उत्तर आधी तोंडी घ्या, रेघांमधलं अंतर मोठं ठेवा.

न दिसणारे परिणाम

काठी लोकांना दिसते. थकवा दिसत नाही. झटक्यानंतरचा थकवा म्हणजे आपला नेहमीचा दमल्याचा थकवा नव्हे. झोपून उठलं तरी तो जात नाही. घंटा झाल्यासारखा अचानक येतो आणि मग एक वाक्यसुद्धा जड होतं. मी दिवसाचे तुकडे पाडायला शिकलो. एक जड काम, मग वीस मिनिटं शांत पडणं, मग दुसरं काम. आंघोळ हेही जड काम आहे, हे तेव्हा कळलं.

दुसरा परिणाम, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. चालताना कुणी प्रश्न विचारला की मी थांबतो. चालणं किंवा बोलणं, दोन्ही नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, पाच जण एकदम बोलायला लागले की डोकं सुन्न होतं.

तिसरा परिणाम मनाचा. पूर्वी लहान मेंदू फक्त हालचालींचा समजला जाई. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन या दोघांनी दाखवून दिलं की या भागाला इजा झाली तर नियोजन, शब्द चटकन सुचणं, जागेचा अंदाज आणि भावनांवरचा ताबा यांवरही परिणाम होऊ शकतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी बायकोला सगळ्यात जास्त हायसं वाटलं. मी टीव्हीवरची जाहिरात बघून रडत होतो आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलत होतो. माणूस बदलला की काय, ही भीती तिने चार महिने एकटीने वाहिली होती. शिवाय झटक्यानंतर कितीतरी जणांना नैराश्य येतं. मलाही आलं. समुपदेशन आणि काही महिने औषध, दोन्ही घेतलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पायासाठी काठी घेतो तशीच ती मनासाठी काठी.

घरात असा रुग्ण असेल तर पालकहो, मुलांना खरं सांगा. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. बाबा चिडतात ते आपल्यामुळे, असं तिने मनात धरलं होतं. मेंदूचं चित्र काढून, कुठे इजा झाली ते दाखवून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं कुणी?" मुलं आजार समजू शकतात. त्यांना गप्प घर समजत नाही.

शाळेत परत

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी हजर झालो. तोवर परिवर्तित रजा आणि अर्धपगारी रजा यांचा हिशेब करता करता घरी आकडेमोडीचा सराव चांगला झाला होता. मुख्याध्यापिका बाईंनी माझे तास सकाळी लावले, वर्ग तळमजल्यावर दिला, मैदानावरची आणि बस स्टॉपवरची ड्युटी काढली. फळ्याऐवजी मी आदल्या दिवशी मोठे तक्ते लिहून आणायचो. चार ओळी फळ्यावर लिहायच्याच असतील तर डावा हात फळ्याला टेकवून.

दुसऱ्या आठवड्यात एका पालकाने तक्रार केली. सर पिऊन शाळेत येतात, चालताना झोकांड्या जातात, जीभ अडखळते, माझी मुलगी त्यांच्या वर्गात आहे. तक्रार लेखी होती. बाईंनी ती माझ्यापुढे ठेवली तेव्हा कान तापले. पण नंतर शांतपणे विचार केला तर त्या माणसाने जे पाहिलं ते त्याने खरंच पाहिलं होतं. दारूचा अंमल लहान मेंदूवरही होतो. म्हणून तर प्यालेला माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो. माझ्या चालीत आणि त्याच्या चालीत बाहेरून फरक दिसत नाही. फरक इतकाच, की त्याची सकाळी उतरते.

पुढे काय करायचं हा प्रश्न होता. डॉक्टरांचं प्रमाणपत्र फाइलला लावून विषय मिटवता आला असता. पण कुजबुज प्रमाणपत्राने मिटत नाही. मी बाईंना म्हटलं, पालक सभेत मला दहा मिनिटं द्या. सभेत मी उभा राहिलो, आजार सांगितला, आणि सगळ्यांसमोर बोट नाकाला लावून दाखवलं. आधी डाव्या हाताने, मग उजव्या. उजवा हात थरथरत नाकाच्या बाजूला गालावर लागला. सभेत कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "आमच्या ह्यांनाबी असंच झालतं, चक्कर आन् उलट्या. चार दिवसांत गेले. ते हेच असंल का?" मला उत्तर देता आलं नाही. पण सभा संपल्यावर सात-आठ जण थांबले आणि लक्षणांची यादी मागून घेतली. तक्रार करणारे गृहस्थ सभेला होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, आजवर बोललेले नाहीत. त्यांची मुलगी मात्र वर्गात पहिल्या बाकावर बसते.

मुलांना सांगणं जास्त सोपं गेलं. आठवीच्या वर्गात मी पहिल्याच तासाला म्हणालो होतो, माझं बोलणं हळू आहे, समजलं नाही तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन. दोन-तीन मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करायची, ती मी ऐकली आहे. त्या वयात नक्कल होणारच. त्याच मुलांपैकी एक जण एकदा तासाला माझा पाय लटपटला तेव्हा खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "सर, बसून शिकवा की. आमाला काय फरक पडत न्हाई." तेव्हापासून मी बसून शिकवतो. माझ्या हळू बोलण्याचा एक फायदाही झाला. श्रुतलेखन घेताना मुलांच्या चुका कमी होतात.

सहकाऱ्यांसाठी थोडंसं

तुमच्या शाळेत कुणी अशा आजारातून परत येत असेल तर एवढं करा. त्यांना चालताना प्रश्न विचारू नका, बसल्यावर विचारा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. शिक्षक खोलीत दोघांनी एकदम बोलू नका. "आता तर चांगले दिसताय" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यामुळे थकवा सांगायची चोरी होते. त्याऐवजी "आज कसं आहे?" असं विचारा.

हक्कही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार शासकीय आणि अनुदानित आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढून टाकता येत नाही की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या कामावर घेण्याची तरतूद आहे. घाबरून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला बसलेल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं आहे, म्हणून इथेही लिहितो.

आणि विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या दिवशी परिपाठात दहा मिनिटं काढा. अनुमस्तिष्क शिकवताना बोट-नाकाचा खेळ मुलांकडून करून घ्या, एका रेघेवर टाचेला अंगठा लावून चालायला लावा. मुलांना मजा येईल. मग वरची लक्षणांची यादी वहीत लिहून घ्या आणि घरी जाऊन आजी-आजोबांना वाचून दाखवायला सांगा. घरात चक्कर आलेल्या माणसाजवळ पहिल्यांदा असतं ते बऱ्याचदा मूलच. त्याला १०८ हा आकडा आणि घड्याळात बघायची आठवण, एवढं आलं तरी पुरे.

आजघडीला माझी स्थिती अशी : काठी घेऊन अर्धा किलोमीटर चालतो, सायकल चालवत नाही, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतो. अक्षर पूर्वीसारखं सुंदर नाही, वाचता येण्याजोगं आहे. संध्याकाळी सातनंतर माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा करू नये असं घरात ठरलं आहे. हा लेख सोळा दिवसांत, रोज सकाळी अर्धा तास बसून लिहिला. लक्षणांची यादी शिक्षक खोलीत लावायला उपयोगी पडली तर जरूर लावा, आणि तुमच्या शाळेत कुणी अशा आजारातून सावरत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.